आजोबा, वडील आणि मुलगा तिघंही रेसर. पण गाडीतून वेळेवर उतरायचं धाडस तिसऱ्यानेच का केलं?

तारीख १८ फेब्रुवारी २००१. ठिकाण अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं डेटोना. स्टॉक कार रेसिंगमधली सगळ्यात मानाची शर्यत, डेटोना ५००, शेवटच्या फेरीत आली होती.

सगळ्यात पुढे मायकल वॉल्ट्रिप. हा असा ड्रायव्हर, ज्याने आधीच्या ४६२ शर्यतींत एकही विजय मिळवला नव्हता. त्याच्या मागे २६ वर्षांचा डेल अर्नहार्ट ज्युनियर. आणि त्या दोघांच्या मागे, बाकीच्या गाड्यांना अडवत, ज्युनियरचे वडील डेल अर्नहार्ट. पुढच्या दोन्ही गाड्या त्यांच्याच कंपनीच्या होत्या.

शेवटच्या वळणावर वडिलांच्या गाडीला धक्का लागला आणि गाडी वर चढून थेट काँक्रीटच्या भिंतीवर आदळली.

वॉल्ट्रिप जिंकला, ज्युनियर दुसरा आला. टीव्हीवर पाहणाऱ्यांना अपघात फार मोठा वाटला नव्हता. यापेक्षा भयंकर अपघातांतून डेल अर्नहार्ट चालत बाहेर आलेले लोकांनी पाहिले होते. पण यावेळी ते बाहेर आले नाहीत. कवटीच्या तळाचं हाड मोडून ४९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

२०२६ च्या फेब्रुवारीत या घटनेला २५ वर्षं पूर्ण झाली. वडिलांच्या मृत्यूची गोष्ट बऱ्याच जणांनी सांगितली आहे. आज आपण बोलणार आहोत मुलाबद्दल. कारण आडनावामुळे माणसाला काय मिळतं, काय मिळत नाही आणि आडनावासोबत नको असलेलं काय येतं, हे समजून घ्यायला त्याच्या करिअरइतकं चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे.

आधी हे स्टॉक कार रेसिंग काय आहे?

आपल्याकडे रेसिंग म्हटलं की फॉर्म्युला वन आठवतं. चाकं उघडी, गाडी जमिनीला चिकटलेली, ड्रायव्हर जवळपास झोपलेला. स्टॉक कारचं तसं नाही. 'स्टॉक' म्हणजे शोरूममध्ये मिळते तशी गाडी. चार चाकं झाकलेली, वर छप्पर, दिसायला साधी कार.

या शर्यती भरवणारी मुख्य संस्था म्हणजे नॅसकार. बिल फ्रान्स सीनियर यांनी १९४८ मध्ये ती डेटोनात सुरू केली. सुरुवातीला खरंच शोरूमच्या गाड्याच पळवायचा नियम होता. १९४९ मध्ये शार्लट इथे झालेल्या पहिल्या शर्यतीत जो पहिला आला, त्याला बाद केलं गेलं. कारण? गाडीच्या स्प्रिंगमध्ये बदल केलेले सापडले.

आज मात्र नाव तेवढं उरलंय. आतली गाडी पूर्णपणे शर्यतीसाठी बनवलेली असते. बाहेरून ती शेव्हरोले कमारो, फोर्ड मस्टँग किंवा टोयोटा कॅमरीसारखी दिसते एवढंच.

डेटोना ५०० म्हणजे ५०० मैल, साधारण ८०५ किलोमीटर. आपला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणजे अख्ख्या समृद्धीपेक्षा शंभर किलोमीटर जास्त, तेसुद्धा चार किलोमीटरच्या एकाच ट्रॅकवर गोल गोल फिरत. वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास आणि शेजारची गाडी हातभर अंतरावर.

याची मुळं शहरात नाहीत, गावात आहेत

नॅसकार हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावखेड्यांचा खेळ. तिकडे चोरून दारू गाळली जायची आणि ती रात्रीतून शहरात पोचवायची तर पोलिसांपेक्षा वेगवान गाडी लागायची. मग पोरं गाड्यांची इंजिनं स्वतःच सुधारायला लागली. दिवसा 'कुणाची गाडी भारी' यावर पैजा लागायच्या, शेतात मातीचा ट्रॅक आखून शर्यती व्हायच्या. संघटित खेळ नंतर आला, गावचा नाद आधी होता.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजवायला लागू नये. शंकरपट ज्याने पाहिलाय त्याला माहिती आहे की बैलजोडी कुणाची, हाकणारा कोण, त्याचे वडील कुठला पट गाजवायचे, यावर गावात तासन् तास चर्चा चालते. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये बंदी घातल्यावर ज्या घरांनी सात वर्षं बैल नुसते सांभाळले, ती घरं नाद म्हणजे काय ते सांगू शकतील. २०२१ च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हा अनेक ठिकाणी आजोबा आणि नातू एकत्र गुलाल उधळताना दिसले.

नाद हा असा घरातून येतो. अर्नहार्ट घराण्यातही तो तसाच आला.

पहिली पिढी: कापडगिरणी सोडलेले आजोबा

नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं कनापोलिस हे कापडगिरणीचं गाव. राल्फ अर्नहार्ट तिथल्या गिरणीत कामाला होते. ती नोकरी सोडून ते पूर्णवेळ रेसर झाले. गाडी स्वतः बनवायची, स्वतः पळवायची आणि जिंकलेल्या पैशांवर घर चालवायचं. जिंकलं नाही तर घरात चणचण, इतका सरळ हिशोब. १९५६ मध्ये ते नॅसकारच्या स्पोर्ट्समन गटाचे चॅम्पियन झाले. १९७३ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने ४५ व्या वर्षी ते गेले.

दुसरी पिढी: धडकी भरवणारे वडील

मुलगा डेल याने नववीत शाळा सोडली. राल्फ यांना ते अजिबात पटलं नव्हतं. वडील गेले तेव्हा डेल २२ वर्षांचे होते. हातात पैसा नाही, संसाराची ओढाताण, पण गाडी सोडायची नाही.

१९७९ मध्ये ते सर्वोत्तम नवोदित ठरले आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियन. एकूण ७ विजेतेपदं, ७६ विजय. काळी गाडी, ३ नंबर आणि समोरच्याला धक्का द्यायला न कचरणारी शैली. लोकांनी नाव ठेवलं 'द इंटिमिडेटर', म्हणजे धडकी भरवणारा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बाकीचे ड्रायव्हर चेहरा झाकणारं हेल्मेट वापरायला लागले होते, तेव्हाही डेल उघड्या चेहऱ्याचं हेल्मेट घालत राहिले. दुखापत झाली तरी गाडीत बसायचं हा त्यांचा खाक्या होता. चाहत्यांना त्यांचं तेच आवडायचं.

तिसरी पिढी: ऑइल बदलणारा पोरगा

डेल ज्युनियरचा जन्म १० ऑक्टोबर १९७४ चा. आईवडिलांचा घटस्फोट झाला होता आणि तो आईकडे राहायचा. सहा वर्षांचा असताना घराला आग लागली आणि तो आणि त्याची मोठी बहीण केली वडिलांकडे आले. वडील सतत शर्यतींवर. पोरगा शाळेत त्रास द्यायला लागला म्हणून त्याला लष्करी शिस्तीच्या शाळेत टाकलं. भावाला एकटं वाटू नये म्हणून बहीणही तिथे गेली.

पुढे ज्युनियरने वाहन दुरुस्तीचा कोर्स केला आणि वडिलांच्याच शेव्हरोले शोरूमच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागला. काम काय? गिऱ्हाइकांच्या गाड्यांचं ऑइल बदलणं. सतराव्या वर्षी सावत्र भाऊ केरीसोबत एक जुनी माँटे कार्लो गाडी तयार करून त्याने स्थानिक शर्यतींत सुरुवात केली. त्या काळात त्याने जिंकलेल्या शर्यती बोटावर मोजण्याइतक्या.

मग वडिलांनी त्याला आपल्या कंपनीची गाडी दिली. नॅसकारच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मालिकेत १९९८ आणि १९९९ असं सलग दोन वेळा विजेतेपद पटकावून त्याने ती संधी वाया जाऊ दिली नाही.

टेक्सासची ती एक शर्यत

२ एप्रिल २०००. टेक्सासमध्ये ज्युनियरने वरच्या मालिकेतला पहिला विजय मिळवला. पोराला मिठी मारायला आलेल्या वडिलांचं ते दृश्य आजही शेअर होतं.

पण त्याच शर्यतीत आणखी एक मुलगा पहिल्यांदा उतरला होता. ॲडम पेटी, वय १९. अर्नहार्टपेक्षाही मोठं घराणं. पणजोबा ली पेटी १९५९ च्या पहिल्या डेटोना ५०० चे विजेते, आजोबा रिचर्ड पेटी २०० विजय आणि ७ विजेतेपदांचे धनी, वडील काइल पेटी स्वतः ड्रायव्हर. चौथी पिढी ट्रॅकवर आली होती.

तीन दिवसांनी पणजोबा ली वारले. आणि १२ मे २००० ला न्यू हॅम्पशायरमध्ये सरावादरम्यान भिंतीवर आदळून ॲडमचा मृत्यू झाला. वरच्या मालिकेतली त्याची ती पहिली शर्यतच शेवटची ठरली.

त्याच वर्षी आणखी दोन ड्रायव्हर गेले, केनी अर्विन ज्युनियर आणि टोनी रोपर. मग आला फेब्रुवारी २००१ आणि डेटोनाची ती भिंत.

वडिलांच्या मृत्यूनंतर काय बदललं?

गाडी भिंतीवर आदळते तेव्हा पट्ट्यांमुळे शरीर सीटवर अडतं, पण डोकं अडत नाही. ते पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण कवटीच्या तळावर येतो.

यावर उपाय बाजारात आधीच होता. रॉबर्ट हबर्ड नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे मेव्हणे, रेसर जिम डाउनिंग यांनी ऐंशीच्या दशकातच 'हान्स' नावाचं उपकरण बनवलं होतं. खांद्यावर बसणारी एक कॉलर, हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली, म्हणजे डोकं झटक्यात पुढे जात नाही. पण नॅसकारच्या बहुतेक ड्रायव्हरना ते अडचणीचं वाटायचं. २००१ च्या डेटोनात मोजक्याच जणांनी ते घातलं होतं. डेल अर्नहार्ट त्यांत नव्हते.

ऑक्टोबर २००१ मध्ये नॅसकारने डोकं-मान सांभाळणारं उपकरण सक्तीचं केलं. २००२ पासून काँक्रीटच्या भिंतींपुढे धक्का शोषणारे अडथळे लावायला सुरुवात झाली. परिणाम? १८ फेब्रुवारी २००१ नंतर नॅसकारच्या वरच्या तीन राष्ट्रीय मालिकांत शर्यतीत एकाही ड्रायव्हरचा जीव गेलेला नाही.

म्हणजे उपाय होता, माहितीही होती. नव्हती ती घालायची तयारी. हेल्मेट आरशाला लटकवून जालना रोडवरून जाणारे लोक आपण रोज पाहतो, त्यामुळे ही मानसिकता आपल्याला नवीन नाही.

पोरगा मात्र आठव्या दिवशी पुन्हा गाडीत

वडील गेल्यानंतरच्या रविवारी ज्युनियर रॉकिंगहॅमच्या शर्यतीत उतरला. पहिल्याच फेरीत त्याची गाडी भिंतीवर आदळली. अपघात जवळपास वडिलांसारखाच. तो लंगडत बाहेर आला तेव्हा स्टेडियमने श्वास सोडला.

जुलैमध्ये नॅसकार परत डेटोनाला आली. त्याच ट्रॅकवर ज्युनियर जिंकला. २००४ मध्ये त्याने डेटोना ५०० सुद्धा जिंकली. हीच शर्यत जिंकायला वडिलांना २० प्रयत्न लागले होते.

वडिलांवर प्रेम करणारा सगळा चाहतावर्ग मुलाकडे आला. २००३ ते २०१७ अशी सलग १५ वर्षं तो नॅसकारचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला.

घरातलाच वाद आणि आजोबांचा ८ नंबर

ज्युनियरच्या लाल गाडीवर ८ नंबर असायचा. तो आजोबा राल्फ यांचा नंबर. वडिलांनी वरच्या मालिकेतली पहिली शर्यत १९७५ मध्ये पळवली तीसुद्धा ८ नंबरच्याच गाडीतून.

वडिलांनंतर कंपनी सावत्र आई टेरेसा यांच्याकडे गेली. ज्युनियरला कंपनीत ५१ टक्के वाटा हवा होता. बोलणी फिसकटली आणि २००७ च्या हंगामानंतर तो हेंड्रिक संघात गेला. जाताना ८ नंबर मिळावा म्हणून प्रयत्न झाले, तेही जमलं नाही. मग नव्या गाडीवर आला ८८.

घराण्याचं नाव तुमचं, चेहरा तुमचा, चाहते तुमचे, पण सात-बारा दुसऱ्याच्या नावावर. आपल्याकडे ही गोष्ट कुठल्याही गावात ऐकायला मिळेल. फक्त शेताच्या जागी इथे एक आकडा होता. एप्रिल २०२५ मध्ये ज्युनियरच्या कंपनीने जाहीर केलं, त्या जुन्या ढंगाच्या ८ चे हक्क आता आपल्याकडे आले आहेत. मधे १७ वर्षं गेली.

मग सगळं आडनावामुळेच मिळालं का?

हा प्रश्न ज्युनियरला आयुष्यभर विचारला गेला. प्रामाणिक उत्तर द्यायचं तर दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

आधी त्याच्या विरोधातले मुद्दे. वरच्या मालिकेत ६३१ शर्यती, २६ विजय आणि विजेतेपद एकही नाही. २००८ ते २०१२ दरम्यान सलग १४३ शर्यती विजयाविना गेल्या. तरी त्या काळातही सगळ्यात लोकप्रिय तोच. वरच्या मालिकेत पहिली शर्यत पळवायच्या आधीच बडवायझरसारख्या कंपनीने त्याच्याशी मोठा करार केला होता. दुसऱ्या कुणाच्या पोराला हे मिळालं असतं का? नसतं.

आता दुसरी बाजू. सावत्र भाऊ केरीचंही आडनाव अर्नहार्टच. ऑगस्ट २००० मध्ये मिशिगनला वडील आणि दोन्ही मुलं एकाच शर्यतीत उतरले होते. पण केरीला वरच्या मालिकेत मोजक्याच शर्यती मिळाल्या. बहीण केलीसुद्धा स्थानिक शर्यती पळवायची, तिचंही करिअर पुढे गेलं नाही. आडनाव एकच, रस्ते तीन.

क्रिकेटमध्ये आपण हे पाहिलंय. सुनील गावसकर १२५ कसोटी खेळले, रोहन गावसकर भारताकडून ११ एकदिवसीय सामने खेळला. विजय मांजरेकर ५५ कसोटी खेळले, तर संजय मांजरेकर ३७. ओळख असेल तर नेट्सपर्यंत पोचता येतं, पण समोरून येणारा चेंडू आडनाव विचारत नाही.

पण रेसिंग आणि क्रिकेटमध्ये एक मोठा फरक आहे. गरिबाचं पोरगंसुद्धा उसन्या बॅटने सिलेक्टरचं लक्ष वेधू शकतं. उसन्या गाडीने शर्यत पळवता येत नाही. गाडी, टायर, इंजिन, मेकॅनिक, प्रवास आणि अपघात झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. इथे गुणवत्ता दाखवायची पाळी येण्याआधीच निम्मे लोक पैशाअभावी बाहेर पडतात. त्यामुळे रेसिंगमध्ये घराणी जास्त दिसतात, यात नवल नाही. २०२० चा चॅम्पियन चेस एलियट हा १९८८ चे चॅम्पियन बिल एलियट यांचा मुलगा. २०२३ चा चॅम्पियन रायन ब्लेनी याचे वडील आणि आजोबा दोघंही रेसर.

आणि मग आलं डोक्याचं दुखणं

इथून ज्युनियरची गोष्ट वडील आणि आजोबांपेक्षा वेगळी होते.

ऑगस्ट २०१२ मध्ये कॅन्ससला टायरची चाचणी सुरू असताना त्याची गाडी जोरात आदळली. डोक्याला मार बसला. चक्कर, धूसरपणा, काहीतरी बिनसलंय हे त्याला कळत होतं. त्याने काय केलं? कुणाला सांगितलं नाही आणि शर्यती पळवत राहिला. ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगाला पुन्हा अपघात झाला, तेव्हा मात्र तो डॉक्टरकडे गेला आणि दोन शर्यती बाहेर बसला.

ही साधी गोष्ट नव्हती. तो विजेतेपदाच्या स्पर्धेत होता आणि बाहेर बसण्याचा अर्थ ते सोडून देणं असा होता. ज्याचे वडील मोडलेल्या हाडांनिशी गाडी चालवायचे, तो पोरगा 'डोकं दुखतंय' म्हणून थांबतो, यावर लोक काय बोलणार हेही त्याला माहिती होतं. त्यानंतर दोनेक वर्षांतच, २०१४ च्या हंगामापासून, नॅसकारने प्रत्येक ड्रायव्हरची मेंदूची प्राथमिक चाचणी सक्तीची केली.

पण त्रास संपला नाही. पुढची काही वर्षं प्रत्येक धक्क्यानंतर काय जाणवतंय याच्या नोंदी तो गुपचूप फोनमध्ये करून ठेवायचा. आपल्याला काही झालं तर कळावं तरी, म्हणून. २०१६ च्या मध्यावर तोल जायला लागला, नजर स्थिर राहीना. उरलेल्या १८ शर्यती तो पळवू शकला नाही. महिनोन् महिने उपचार आणि व्यायाम झाले. त्याच वर्षी त्याने मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी द्यायचं ठरवल्याचंही सांगितलं होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर २०१७ मध्ये तो परतला, पण परत येतानाच शेवटाचं ठरलं. एप्रिलमध्ये निवृत्तीची घोषणा केली आणि नोव्हेंबरमध्ये वरच्या मालिकेतली शेवटची शर्यत पळवली. वय ४३.

आजोबा ४५ व्या वर्षी गेले, वडील ४९ व्या. नातू ४३ व्या वर्षी स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरला. पुढच्या वर्षी त्याने डोक्याच्या दुखापतींवर अख्खं पुस्तक काढलं आणि लपवलेलं सगळं सांगून टाकलं.

वारसा म्हटलं की आपण पैसा, ओळखी आणि आडनाव मोजतो. पण 'दुखतंय हे सांगायचं नाही' ही सवयसुद्धा वारशातच येते. ज्युनियरला ती मिळाली होती, काही वर्षं त्याने ती पाळलीही. मग मोडली. त्याच्या २६ विजयांपेक्षा हे काम मोठं आहे असं मला वाटतं.

आता तो काय करतो?

टीव्हीवर समालोचन, स्वतःचा पॉडकास्ट आणि बहीण केलीसोबत जेआर मोटरस्पोर्ट्स नावाचा संघ. फेब्रुवारी २०२५ मध्ये या संघाची गाडी पहिल्यांदा डेटोना ५०० ला उतरली आणि जस्टिन अल्गायरने ती नवव्या क्रमांकावर आणली.

या संघातून पुढे आलेली दोन नावं बघण्यासारखी आहेत. एक चेस एलियट, रेसिंग घराण्यातला. दुसरा विल्यम बायरन. याच्या घरात कुणी रेसर नव्हतं. घरची परिस्थिती चांगली होती हे खरं, पण त्याने सुरुवात केली ती कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटर शर्यतींतून. तिथे जिंकत जिंकत तो खऱ्या गाडीपर्यंत आला, ज्युनियरच्या संघाकडून २०१७ मध्ये दुसऱ्या मालिकेचा चॅम्पियन झाला आणि पुढे २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५०० जिंकली.

ज्याला घराण्यामुळे दार उघडं मिळालं, त्यानेच बाहेरच्या पोराला आत घेतलं.

यात आपला माणूस कुणी आहे का?

आहे. नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय म्हणून आपण त्याला ओळखतो, पण २०१० मध्ये तो नॅसकारच्या ट्रक मालिकेत ९ शर्यती पळवून आला होता. मार्टिन्सव्हिलच्या पहिल्याच शर्यतीत तेरावा आला आणि त्या वर्षी चाहत्यांच्या मतांवर ट्रक मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला. तोही रेसिंग घरातलाच. कोइंबतूरचे त्याचे वडील जी. आर. कार्तिकेयन हे राष्ट्रीय रॅली चॅम्पियन.

मे २०२५ मध्ये मोनाकोत फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकणारा कुश मैनी बघा. भाऊ अर्जुन रेसर, वडील गौतम मैनी हेही रेसिंग केलेले. म्हणजे भारतातही चित्र तेच. घरात गाडीचा नाद आणि तो परवडेल इतका पैसा, दोन्ही असेल तरच पुढचा विचार.

आता आपल्या संभाजीनगरकडे बघू. वाळूजला ऐंशीच्या दशकापासून बजाज आहे. शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला. ज्या टोयोटाची कॅमरी नॅसकारमध्ये पळते, त्या टोयोटाने जुलै २०२४ मध्ये इथे सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीसाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. गाडीचा प्रत्येक नटबोल्ट ओळखणारी हजारो माणसं या शहरात आहेत. पण नाव घ्यावं असा रेसर नाही. देशातली मोठी सर्किट चेन्नईजवळ, कोइंबतूरला आणि नोएडाजवळ. वर्कशॉपमध्ये ऑइल बदलणारी पोरं आपल्याकडेही आहेत, त्यांच्यासाठी तिथून ट्रॅककडे जाणारा रस्ता नाही. मग वेगाची हौस भागते ती रात्रीच्या रस्त्यावर, रीलसाठी, हेल्मेटशिवाय.

थोडक्यात काय तर

डेल ज्युनियरला आडनावाने गाडीत बसवलं हे खरं. पण कधी उतरायचं हे त्याला आडनावाने शिकवलं नाही, उलट उतरू नकोस असंच सांगितलं.

क्रिकेटमध्ये डोक्याला चेंडू लागला तर बदली खेळाडू घेण्याचा नियम आयसीसीने २०१९ मध्ये आणला. गावच्या कबड्डीत, कुस्तीत, पटाच्या धावपट्टीवर असा नियम नाही. पोरगं डोक्यावर पडतं, कुणीतरी तोंडावर पाणी मारतं, तो 'काही नाही झालं' म्हणतो आणि टाळ्यांच्या गजरात पुन्हा उभा राहतो.

पुढच्या वेळी असं दिसलं तर टाळ्या वाजवायच्या आधी त्याला बाजूला बसवा. दोन दिवस डोकं दुखत असेल, मळमळत असेल, उजेड सहन होत नसेल, तर 'मर्दासारखा खेळ' न म्हणता डॉक्टरकडे घेऊन जा. सात वेळा चॅम्पियन झालेल्या बापाच्या पोराला हे सांगायला चार वर्षं लागली. आपल्या पोरांना तेवढा वेळ लागू नये.